गीतकार शैलेन्द्र : न बदललेल्या शेवटाची किंमत

जबलपूर शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर भेडाघाट येथे नर्मदा नदी संगमरवरी खडकांच्या अरुंद घळईतून वाहते. धुवांधार धबधब्याचे तुषार अंगावर घेऊन पर्यटक खाली घाटावर येतात आणि नावेत बसतात. येथील नावाडी वल्ही मारता मारता यमक जुळवून खडकांची माहिती सांगतात. कोणता खडक कोणत्या आकाराचा दिसतो आणि कोणत्या चित्रपटाचे चित्रीकरण कोठे झाले, हे त्यांना तोंडपाठ असते. या यादीत १९६० सालच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या चित्रपटाचा मान पहिला असतो. अभिनेत्री पद्मिनी यांच्यावर चित्रित झालेले आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले, वसंतातील वाऱ्याला साद घालणारे या चित्रपटातील गीत याच खडकांमध्ये चित्रित झाले होते.

नावाडी राज कपूर यांचे नाव घेतात, पद्मिनी यांचे नाव घेतात. गीत लिहिणाऱ्याचे नाव सहसा घेतले जात नाही. ते गीत शैलेन्द्र यांचे होते. त्याच सुमारास त्यांनी स्वतः चित्रपटनिर्मितीत उतरण्याचा निर्णय घेतला. पुढील पाच-सहा वर्षांत त्या निर्णयाने त्यांची पुंजी, मनःस्वास्थ्य आणि मित्रपरिवार यांची कठोर परीक्षा पाहिली. १४ डिसेंबर १९६६ रोजी वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले.

माटुंग्याचा कारखाना

शैलेन्द्र यांचे मूळ नाव शंकरदास केसरीलाल. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १९२३ रोजी रावळपिंडी येथे झाला. हे दलित कुटुंब मूळचे बिहारमधील आरा परिसरातील. पुढे कुटुंबाचा मुक्काम मथुरेत हलला आणि शैलेन्द्र यांचे शालेय शिक्षण तेथेच झाले. आर्थिक ओढाताण आणि आईचा अकाली मृत्यू यांची सावली त्यांच्या बालपणावर होती. त्यांच्या गीतांतील देवाशी केलेले भांडण आणि देवाकडेच केलेली विनवणी या दोहोंची मुळे अनेक अभ्यासक याच काळात शोधतात.

चाळीसच्या दशकात ते मुंबईत आले आणि तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या माटुंगा येथील कारखान्यात उमेदवार कामगार म्हणून रुजू झाले. दिवसा वेल्डिंगचे काम आणि संध्याकाळी कविता असा त्यांचा क्रम होता. मुंबई तेव्हा गिरण्यांची, संपांची आणि शाहिरांची होती. भारतीय जननाट्य संघ, म्हणजेच ‘इप्टा’, या संस्थेच्या व्यासपीठावर हिंदी, उर्दू, मराठी आणि गुजराती कलावंत एकत्र येत. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे पोवाडे ज्या कामगार वस्त्यांत गाजत होते, त्याच वस्त्यांत शैलेन्द्र आपल्या कविता म्हणत असत. १९५५ मध्ये त्यांचा ‘न्यौता और चुनौती’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांच्या हयातीतील हा एकमेव संग्रह त्यांनी अण्णा भाऊ साठे यांना अर्पण केला होता. मराठी वाचकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. ती फारशी सांगितली जात नाही.

संप हाच जुलमाला दिलेला जबाब आहे, असे सांगणारी एक हिंदी घोषणा आजही देशभरातील कामगारांच्या मोर्चांमध्ये दिली जाते. तीही शैलेन्द्र यांच्याच लेखणीतून उतरलेली आहे. बातम्यांचे भाषांतर करताना ‘हडताल’ला ‘संप’ हा नेमका मराठी शब्द सहज सापडतो, पण मुंबईच्या रस्त्यावर ही घोषणा कोणी मराठीत म्हटल्याचे ऐकिवात नाही. तिच्या कर्त्याचे नाव मोर्चातील बहुतेकांना माहीत नसते. शैलेन्द्र यांच्या बाबतीत असे वारंवार घडले आहे.

विक्रीस नसलेली कविता

१९४७ साली फाळणीच्या दंगलींनी पंजाब होरपळत असताना मुंबईतील एका कार्यक्रमात शैलेन्द्र यांनी त्याच विषयावरील कविता सादर केली. श्रोत्यांमध्ये तरुण राज कपूर होते. त्यांचा ‘आग’ हा पहिला चित्रपट तयार होत होता. त्यांनी ती कविता चित्रपटासाठी विकत मागितली. शैलेन्द्र यांनी नकार दिला. आपण पैशासाठी लिहीत नाही, अशी त्यांची त्या वेळची भूमिका होती.

ही भूमिका फार काळ टिकली नाही, आणि ती टिकली नाही म्हणून त्यांना उणे लेखण्याचे कारण नाही. पत्नी शकुंतला यांना दिवस गेले होते, घरात पैसा नव्हता आणि कारखान्याच्या पगारात भागत नव्हते. शैलेन्द्र यांनी राज कपूर यांची भेट घेतली आणि पाचशे रुपयांची गरज असल्याचे सांगितले. पैसे मिळाले. त्या बदल्यात त्यांनी १९४९ च्या ‘बरसात’ चित्रपटासाठी दोन गीते लिहिली. त्यांपैकी एक चित्रपटाचे शीर्षकगीत होते. याच चित्रपटापासून शंकर-जयकिशन ही संगीतकार जोडी आणि शैलेन्द्र व हसरत जयपुरी हे दोन गीतकार असा संच तयार झाला आणि तो दीड दशकाहून अधिक काळ टिकला.

‘आवारा’च्या वेळची एक हकिगत चित्रपटसृष्टीत नेहमी सांगितली जाते. लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी राज कपूर यांना कथा ऐकवली, तेव्हा शैलेन्द्र सोबत होते. अब्बास यांनी या साध्या कपड्यांतील माणसाची विशेष दखल घेतली नाही. दोन-अडीच तासांचे कथावाचन संपल्यावर राज कपूर यांनी शैलेन्द्र यांना कथा कळली का, असे विचारले. त्यांनी एका ओळीत सारी कथा सांगितली. अब्बास चकित झाले आणि हे गृहस्थ कोण, अशी चौकशी त्यांनी केली. १९५१ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे शीर्षकगीत पुढे सोव्हिएत संघ आणि चीनपर्यंत पोहोचले. भाषा न जाणणाऱ्यांनीही ते गुणगुणले.

येथे एक गंमतीचा तपशील नोंदवण्याजोगा आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ साली केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा पुरस्कार करताना त्यांनी आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतांना जवळपास हद्दपार केले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि शैलेन्द्र यांची गीते देशाच्या घराघरांत परक्या देशाच्या केंद्रावरून पोहोचली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाल्यावर ही गीते स्वदेशी नभोवाणीवर परतली. तेव्हापासून ती तेथून हललेली नाहीत.

दहा दिशांचा वाद

पन्नासच्या दशकात शैलेन्द्र यांची गणना आघाडीच्या गीतकारांत होऊ लागली. ‘दो बीघा ज़मीन’, ‘बूट पॉलिश’, ‘श्री ४२०’, ‘मधुमती’, ‘बंदिनी’, ‘गाईड’ ही नावे घेतली तरी त्यांच्या कामाचा पल्ला लक्षात येतो. गीतकारासाठीचा फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले मानकरी शैलेन्द्र ठरले. ‘यहूदी’साठी मिळालेल्या या पुरस्कारानंतर पुढल्याच वर्षी ‘अनाड़ी’साठीही त्यांना तो मिळाला. सुमारे आठशे गीते त्यांच्या नावावर आहेत. १९६३ चा पहिला भोजपुरी चित्रपट ‘गंगा मइया तोहे पियरी चढ़इबो’ याचीही गीते त्यांचीच. खार येथे त्यांनी बंगला घेतला आणि त्याचे नाव ‘रिमझिम’ ठेवले.

यश आणि पैसा त्यांना वर्ज्य नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. शैलेन्द्र यांचे चित्र व्यवहारशून्य साधुपुरुष असे रंगवण्याची प्रथा पडली आहे; ते अर्धेच खरे आहे. ते धंद्याच्या मध्यभागी उभे राहून काम करत होते. फक्त, धंद्याच्या नावाखाली श्रोत्याला कमी लेखणे त्यांना मान्य नव्हते. ‘श्री ४२०’ मधील एका प्रसिद्ध युगुलगीतात त्यांनी दहा दिशांचा उल्लेख केला होता. सामान्य प्रेक्षकाला चार दिशा माहीत असतात, दहा दिशा कळणार नाहीत, अशी शंका जयकिशन यांनी काढली. शैलेन्द्र शब्द बदलायला तयार झाले नाहीत. प्रेक्षकांच्या आवडीची ढाल पुढे करून त्यांच्यावर उथळपणा लादू नये, श्रोत्याची जाण वाढवणे हेही कलावंताचे काम आहे, असे त्यांचे मत होते. गीत जसेच्या तसे राहिले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. प्रह्लाद अग्रवाल यांच्या लेखात आलेला हा प्रसंग एनसीईआरटीच्या दहावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकातून अनेक वर्षे शिकवला गेला.

नव्या माणसांविषयी त्यांना असलेली आस्था गुलज़ार यांनी सांगितली आहे. गुलज़ार त्या काळी मोटार गॅरेजमध्ये काम करत आणि चित्रपटासाठी लिहिण्यास फारसे उत्सुक नव्हते. ‘बंदिनी’च्या वेळी शैलेन्द्र आणि संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यात बेबनाव झाला होता. शैलेन्द्र यांनीच गुलज़ार यांना बिमल रॉय यांच्याकडे जाण्यास भाग पाडले. आपली रिकामी झालेली जागा दुसऱ्याला आग्रहाने देणारी माणसे या व्यवसायात फार नसतात.

भेडाघाट आणि चंबळ

‘जिस देश में गंगा बहती है’ हा चित्रपट राज कपूर यांनी निर्माण केला आणि त्यांचे छायालेखक राधू कर्मकार यांनी दिग्दर्शित केला. कर्मकार यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. एक भोळा गायक दरोडेखोरांच्या टोळीत सापडतो आणि अखेर त्यांना शरणागतीच्या वाटेवर आणतो, असे त्याचे कथासूत्र आहे. चित्रपटाला त्या काळाचा ताजा संदर्भ होता. मे १९६० मध्ये आचार्य विनोबा भावे यांनी चंबळच्या खोऱ्यात पदयात्रा केली आणि वीस दरोडेखोरांनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. कोकणातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांची ही यात्रा तेव्हा देशभर चर्चेचा विषय झाली होती. तिच्यावर टीकाही झाली; गुन्हेगारांना मान दिला जात आहे, असा पोलीस दलातील अनेकांचा आक्षेप होता.

या चित्रपटासाठी शैलेन्द्र यांनी लिहिलेल्या गीतांत भेडाघाटचे गीत वेगळे उठून दिसते. जाऊ नकोस, अशी विनवणी नायिका वाऱ्याला करते. चित्रपट कृष्णधवल आहे. त्यामुळे भेडाघाटच्या खडकांचे पिवळे, गुलाबी, निळसर रंग पडद्यावर दिसत नाहीत. दिसतो तो पांढरा पाषाण, काळे पाणी आणि त्यांच्यामध्ये धावणारी एक स्त्री. रंगीत चित्रीकरणात हे गीत इतके एकाकी वाटले असते का, याविषयी शंका आहे. शरणागतीच्या प्रसंगातील, परत फिरण्याची हाक देणारे समूहगीतही शैलेन्द्र यांचेच आहे. ज्याला समाजाने बाहेर टाकले आहे त्याच्या तोंडी माणसाचे शब्द घालण्याचे काम त्यांनी माटुंग्याच्या फाटकावर सुरू केले होते. येथे ते दरोडेखोरांच्या बायका-मुलांपर्यंत पोहोचले. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि गल्लापेटीही भरली. सहानुभूती आणि धंदा एकत्र नांदू शकतात, असा विश्वास शैलेन्द्र यांना याच यशातून वाटला असेल तर त्यात नवल नाही.

तिसरी शपथ

फणीश्वरनाथ रेणु यांची ‘मारे गये गुलफ़ाम’ ही कथा शैलेन्द्र यांच्या वाचनात आली आणि तिने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. कथा साधी आहे. हिरामन हा बैलगाडी हाकणारा गाडीवान. चोरीचा माल वाहून नेताना पोलिसांच्या धाडीत सापडता सापडता तो वाचतो आणि पुन्हा असा माल नेणार नाही, अशी पहिली शपथ घेतो. बांबू लादलेल्या गाडीमुळे मार खाल्ल्यावर बांबू नेणार नाही, ही दुसरी. मग एके दिवशी त्याच्या गाडीत नौटंकीतील नर्तकी हिराबाई बसते. तिला जत्रेच्या गावी पोहोचवायचे असते. वाटेत तो तिला महुआ घटवारिनची लोककथा सांगतो. सावत्र आईने सौदागराला विकलेल्या मुलीची ती कथा आहे.

मराठी वाचकाला हिराबाईची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. आपल्याकडील तमाशाच्या फडातील कलावतींनी तेच आयुष्य भोगले आहे. तिकीट काढून कनातीत आलेला प्रत्येक जण आपण तिची किंमत चुकती केली आहे, असे समजतो. हिरामन तसे समजत नाही. तो तिला देवीसमान मानतो. जत्रेत चोरीची भीती म्हणून तो आपल्या कमाईची थैली तिच्याकडे ठेवायला देतो. शेवटी रेल्वे फलाटावर ती थैली त्याला परत करून ती निघून जाते. नौटंकीतील बाईला गाडीत बसवणार नाही, ही त्याची तिसरी शपथ. साऱ्या कथेत पैसा हातोहात फिरतो, पण ज्या एका ठिकाणी तो विश्वास म्हणून दिला जातो तेथेच वाचकाचे काळीज हलते.

शैलेन्द्र यांनी दिग्दर्शन बासु भट्टाचार्य यांच्याकडे सोपवले. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांना त्यांनी कॅमेऱ्यासाठी बोलावले. पटकथा नवेंदु घोष यांची आणि संवाद स्वतः रेणु यांचे. हिराबाईच्या भूमिकेत वहिदा रहमान आणि हिरामनच्या भूमिकेत राज कपूर. राज कपूर यांनी कथा ऐकल्यावर गंभीर चेहऱ्याने संपूर्ण मानधन आगाऊ मागितले, शैलेन्द्र यांचा चेहरा उतरला आणि मग त्यांनी एक रुपया मागितला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. निर्मितीत उतरू नये, असा मित्रत्वाचा सल्लाही त्यांनी दिला होता. तो शैलेन्द्र यांनी मानला नाही.

शेवट बदलण्याचा आग्रह

‘तीसरी कसम’चे काम १९६१ च्या सुमारास सुरू झाले आणि ते पाच वर्षे रेंगाळले. चित्रीकरण बिहारमध्ये, मध्य प्रदेशातील बीना परिसरात आणि मुंबईत झाले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. गीतलेखनातून मिळणारा पैसा चित्रपटात जाऊ लागला, नंतर कर्ज काढावे लागले.

वितरकांची अडचण वेगळीच होती. राज कपूर आणि वहिदा रहमान यांच्यासारखे तारे असताना नायक-नायिकेची ताटातूट का, असा त्यांचा प्रश्न होता. हिराबाईने गाडीची साखळी ओढावी, खाली उतरावे आणि हिरामनला भेटावे, अशा स्वरूपाचा शेवट सुचवण्यात आला. राज कपूर यांचेही मत शेवट बदलावा असेच होते. आज या आग्रहाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु राज कपूर यांना प्रेक्षकांची नाडी ठाऊक होती आणि मित्राचे कर्ज त्यांना दिसत होते. त्यांच्या जागी कोणत्याही अनुभवी निर्मात्याने हाच सल्ला दिला असता. शैलेन्द्र आणि रेणु यांनी नकार दिला. शेवट बदलला असता तर हिराबाई एका चांगल्या माणसाला मिळाली असती, पण मिळाली असती ती गोष्टीने बक्षीस म्हणून दिलेली वस्तू होऊनच. ती कोणालाही मिळत नाही, यातच त्या कथेतील माणुसकी आहे. धनको दारात उभे असताना हे ओळखणे आणि त्यावर ठाम राहणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते.

१९६६ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. पुरेशी जाहिरात झाली नाही आणि आरंभीच्या प्रतिसादाने निराशा केली. चित्रपट पडला म्हणून शैलेन्द्र गेले, असे एका वाक्यात सांगण्याची पद्धत आहे. त्यांच्या कुटुंबीयांनी मात्र पुढे सांगितले की पैशाच्या नुकसानीपेक्षा जवळच्या माणसांनी दिलेला दगा त्यांना अधिक लागला. मद्यपान वाढले होते आणि प्रकृती ढासळली होती. १३ डिसेंबर रोजी रुग्णालयात जाताना वाटेत त्यांनी राज कपूर यांची भेट घेतली आणि ‘मेरा नाम जोकर’साठी अर्धवट राहिलेले गीत पूर्ण करून देण्याचा शब्द दिला, असे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी राज कपूर यांचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

यानंतर ‘तीसरी कसम’ला १९६६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक जाहीर झाले. फिल्म सोसायट्यांनी आणि पुढे दूरचित्रवाणीने हा चित्रपट नव्या प्रेक्षकांपर्यंत नेला. १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’मधील गीतासाठी शैलेन्द्र यांना मरणोत्तर तिसरा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊ साठे यांचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले. त्यांच्याही अखेरच्या दिवसांत हलाखी होती.

‘मेरा नाम जोकर’मधील ते गीत शैलेन्द्र यांचे चिरंजीव शैली शैलेन्द्र यांनी राज कपूर यांच्या सांगण्यावरून पूर्ण केले. जगणे आणि मरणे दोन्ही येथेच, या आशयाचे ते गीत आहे. १९७० साली हा चित्रपट प्रदर्शित झाला. एका विदूषकाच्या दुःखाची ही दीर्घ कथा राज कपूर यांनी वितरकांच्या पसंतीची पर्वा न करता, स्वतःला हवी तशी सांगितली होती. चित्रपट कोसळला आणि मित्राला निर्मितीत न उतरण्याचा सल्ला देणारे राज कपूर स्वतःच कर्जात बुडाले. त्यातून ते १९७३ च्या ‘बॉबी’मुळे बाहेर आले.